सहाचे थेंब

सरांच्या मनगटावरचं घड्याळ दर तीन तासांनी वाजायचं. आमच्या शिकवणीच्या वेळात ते संध्याकाळी सहाला वाजे. वाजलं की वाक्य कुठेही असो, सर ते तिथेच टाकून द्यायचे, शेल्फवरची बोटभर बाटली उचलायचे, मान मागे करून दोन्ही डोळ्यांत थेंब घालायचे आणि डोळे मिटून अर्धं मिनिट गप्प राहायचे. आम्हीही पेनं खाली ठेवून गप्प बसायचो. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत असायचं. अर्ध्या मिनिटाने डोळे उघडून ते वाक्य जिथे तुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे न्यायचे. "...आणि म्हणून सोडियम बाहेर." नव्या मुलाला वाटायचं, सर सोडियमसाठी रडले.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करतात, हे विचारायला घरात कोणी नाही. म्हणून घड्याळापासून केली.

सर मूळचे पुण्याचे. ओमानमध्ये, सलालाह शहरातल्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये ते टेक्निशियन होते. दुपारपर्यंत लोकांचं रक्त आणि लघवी तपासायची आणि संध्याकाळी बारावीच्या मुलांना बायॉलॉजी शिकवायचं, असा त्यांचा दिवस होता. त्यांचं घर एका शहाळ्यांच्या दुकानाच्या वर होतं. आम्ही शिकवणीला तिघं होतो. बाकीचे दोघे आपापसांत इंग्रजी बोलायचे आणि मराठीत "सर, मला हा समजला नाही" एवढंच म्हणायचे. मला समजलं नाही तर मी तेवढंही म्हणायची नाही.

शरीर जे जे तयार करून बाहेर सोडतं, म्हणजे लाळ, घाम, अश्रू, पाचकरस, हा सरांचा जीव की प्राण विषय. त्या धड्याला ते दोन महिने घ्यायचे आणि बाकीचं पुस्तक "वाचून घ्या" म्हणायचे. आणि गंमत अशी, की त्यांच्याच ग्रंथी चालत नव्हत्या. त्यांना असा आजार होता, की शरीरातले पहारेकरीच चुकून आपल्या ग्रंथींवर धाडी घालतात. डोळे कोरडे, तोंड कोरडं. बोलताना दर चार वाक्यांनी पाण्याचा घोट लागायचा. कोणी बिस्कीट पुढे केलं तर ते हात जोडायचे. "माझ्या तोंडात बिस्कीट म्हणजे सिमेंट. तुम्ही खा, मी बघतो."

आणि ते खरंच बघायचे. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर लिंबू कापून ठेवलं, प्रत्येकाला कागदी पेला दिला आणि म्हणाले, "लिंबाकडे बघा. खायचं नाही. पाच मिनिटं जे तोंडात येईल ते पेल्यात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या माणसाच्या घरी, दोन मुलांसमोर थुंकायचं! मी भिंतीकडे तोंड करून बसले. सरांनी माझा पेला मोजपात्रात ओतला, चष्मा कपाळावर चढवला आणि ओरडले, "चार मिलिलिटर! तू श्रीमंत घरातली दिसतेस." आम्ही रत्नागिरीकडचे. अब्बा सलालाहच्या बंदरात क्रेनची दुरुस्ती करतात. आम्हाला श्रीमंत म्हणणारे ते पहिलेच, आणि त्यांचा चेहरा पाहिला तर ते थट्टा करत नव्हते. हेवा करत होते.

पेशीच्या पडद्यातून वस्तू आतबाहेर कशा जातात, हे शिकवताना त्यांचा एकच प्रश्न असायचा. "उतार, दार की हमाल?" जिथे जास्त आहे तिथून कमीकडे आपोआप गेलं तर उतार. पडदा अडवतो, पण त्यात खास वाट ठेवलेली आहे, तर दार. आणि कमीकडून जास्तीकडे, म्हणजे चढावर न्यायचं असेल तर हमाल. "हमालाला खायला घालावं लागतं. पेशी जेवते ती निम्मी हमालांसाठी." हे मला पुस्तकाआधी कळलं, कारण चढावर माल न्यायला काय लागतं, ते अब्बांच्या खांद्यांकडे बघून कळायचं.

हा प्रश्न ते सगळ्या जगाला विचारायचे. कुणाच्या पुतण्याला काकाच्याच कंपनीत नोकरी लागली, तर "उतार." व्हिसाच्या ऑफिसात ओळखीच्या माणसाने फाईल पुढे सरकवली, तर "दार." माझे चाचणीत तिसऱ्या खेपेला चांगले मार्क आले तेव्हा त्यांनी पेपर हातात देताना फक्त "हमाल" म्हटलं. घरी अम्मीला सांगितलं तर ती भडकली. "तुझा मास्तर तुला हमाल म्हनतो?" तिला समजावता समजावता माझा अर्धा धडा तयार झाला.

अम्मीचं आणि सरांचं एकदाच बोलणं झालं, तेही माझ्यामार्फत. तिने त्यांना खारातल्या कैऱ्या पाठवल्या होत्या. सर आंबट आवडीने खायचे, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आंबटाने "शेवटचा शिल्लक कामगार उठून बसतो." बरणी परत आली त्यात चिठ्ठी होती: कैरीतलं पाणी मिठाकडे का गेलं, त्याची सहा ओळींची मीमांसा. मी ती वाचून दाखवली. अम्मी म्हणाली, "मीठ पानी खेचतो, त्यो आमाला म्हायत हाय. कैरी चांगली झाली का, ता इचार." मी सरांना विचारलं. सर विचारात पडले. म्हणाले, "हो, ते लिहायला हवं होतं, नाही?"

रमजानमध्ये माझा रोजा असायचा. सर माझ्यासमोर पाणी पीत नसत. दर चार वाक्यांनी उठून स्वयंपाकघरात जायचे, घोट घेऊन तोंड पुसत यायचे. एका तासात पंधरा फेऱ्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, तुम्ही इथेच प्या. मला काही होत नाही." ते म्हणाले, "तुला होत नाही, मला होतं. तुझा रोजा सूर्य बुडाला की, मगरिबला सुटतो. माझा सुटत नाही." मग लगेच, जणू काही फार बोलून गेले असं वाटून, "लिही. लाळेच्या ग्रंथी, जोड्या तीन."

अश्रू हा शब्द उगाच वापरलेला त्यांना खपत नसे. लोबानच्या झाडाची साल खरवडली की पांढरा चीक येतो आणि वाळून त्याचे खडे होतात. सूकमधल्या, म्हणजे तिथल्या बाजारातल्या एका दुकानदाराने त्या खड्यांपुढे इंग्रजीत पाटी लावली होती, 'झाडाचे अश्रू'. सर आम्हाला घेऊन मुद्दाम त्या दुकानात गेले.

"नो टिअर्स," ते दुकानदाराला म्हणाले. "सालीत नळ्या आहेत. त्यांच्या कडेच्या पेशी हे तयार करतात. झाड रडत नाही. झाड जखम बुजवतं."

दुकानदार जाडसर, शांत माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "यल्ला, चला सर," तो म्हणाला, "दोन पिशव्या घ्या, मग झाड हसेल."

सरांनी एक पिशवी घेतली, आणि घरी आल्यावर तिच्यावर लेबल लावलं: 'राळ. स्राव. अश्रू नव्हेत.'

अश्रूंबद्दल ते एवढे काटेकोर का, ते एका धड्यात कळलं. अश्रुग्रंथीला मेंदूकडून येणारी नस फळ्यावर काढता काढता ते म्हणाले, "उदाहरण घ्या. माझी पत्नी पुण्यात वारली. मी इथून विमानाने गेलो. मेंदूचा हुकूम सुटला होता, नस ठीक होती, ग्रंथी बंद. बाटली घाईत इथेच राहिली होती. तेरा दिवस माझे डोळे कोरडे. तिच्या माहेरची माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत." मग त्यांनी नसेचा रंग बदलून पिवळा खडू घेतला. "पुढे इथल्या एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात नेमके सहा वाजले, मी थेंब घातले, आणि लोकांनी मला मिठ्या मारल्या. तो मनुष्य मला आवडतही नव्हता. तात्पर्य, समाजाला कारण लागत नाही, स्राव लागतो." बाकीच्या दोघांनी हे वहीत उतरवून घेतलं. मला वाटलं, उतरवायचं नसावं.

माझ्याबद्दल त्यांचं निदान असं होतं, की माल तयार आहे, पण बाहेर पडत नाही. "पेशी स्राव तयार करते, त्याच्या पुड्या बांधते, पुड्या पडद्यापाशी येऊन रांगेत थांबतात. आता आत कॅल्शियम शिरलं की पुडी पडद्याला चिकटते आणि फुटते. तुझ्या पुड्या रांगेत उभ्या आहेत, कॅल्शियम नाही." मी खरं मानून महिनाभर रोज ग्लासभर लबान, म्हणजे तिकडचं दाट ताक, प्यायले. वर्गात काही बोलले नाही. वजन दीड किलो वाढलं.

त्या जानेवारीत गावाहून बडे अब्बांचा, म्हणजे माझ्या अब्बांच्या थोरल्या भावाचा फोन आला. आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. मी पुण्याला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करायचं मनात धरलं होतं. बडे अब्बा म्हणाले, पोर बारावी झाली की गावी आणा, शिवणाचा क्लास आहे, होस्टेल-बिस्टेल आपल्यात नाही.  तिसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, "मी मास्तराला सांगून येतो. फुडं शिकायचा नाय, तर शिकवनी खलास. उगाच त्याचा येळ कशाला घ्यायचा?"

त्या गुरुवारी मी शिकवणीला गेले आणि इतरांच्या आधी सरांना कसंबसं सांगितलं, "सर, आज अब्बा येतायत. ड्युटी सुटल्यावर. मला पुढे शिकायचं नाहीये... म्हणजे, शिकवायचं नाहीये. आज माझा शेवटचा दिवस."

"किती वाजता येणार?"

"पावणेसहापर्यंत."

"हूं," सर म्हणाले, आणि मूत्रपिंड शिकवू लागले. मला फार वाईट वाटलं. निदान 'अरेरे' तरी म्हणतील असं वाटलं होतं.

दाराची बेल वाजली तेव्हा माझ्या कानांत नुसते ठोके पडत होते. सर उठले, शेल्फपाशी गेले, थेंब घातले आणि दार उघडलं. मी मनाशी म्हटलं, सहा वाजले वाटतं. काय वेळेला वाजले!

दारात अब्बा. बंदराचे निळे कपडे, हातात हेल्मेट. "सलाम मास्तर," त्यांनी सुरुवात केली, "ते पोरीचं असा हाय, की उद्यापासून ती..." आणि ते थांबले. समोर सर डोळे मिटून उभे होते. दोन्ही गालांवरून धारा लागल्या होत्या. थेंबांनंतर अर्धं मिनिट बोलायचं नाही हा त्यांचा नियम, तो त्यांनी दारातही मोडला नाही. अब्बांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. माझ्याकडे पाहिलं. परत सरांकडे पाहिलं. अर्धं मिनिट किती मोठं असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

सरांनी डोळे उघडले. "बोला."

"नाय नाय," अब्बा म्हणाले. "काय नाय. पोरगी नीट शिकते ना, इतकाच इचारायला आलतो."

"शिकते. बोलत नाही, पण शिकते."

"बराय. मंग... चालू द्या."

मी वही उचलून त्यांच्याबरोबरच निघाले. पिकअपमध्ये अब्बा म्हणाले, "इतका शिकलेला मानूस. माझ्या पोरीसाठी." मी तोंड उघडलं. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं: अब्बा, ते औषध होतं. मी तोंड मिटलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी गावी फोन लावला. बडे अब्बा असं मानतात, की उस्तादाच्या डोळ्यांतलं पाणी ज्या घरामुळे जमिनीवर पडतं, त्या घराची बरकत जाते. अब्बांनी दारात पाहिलेलं सगळं सांगितलं. मग बडे अब्बांनी विचारलं, "जमिनीवर पडला का गालावरच होता?" अब्बा म्हणाले, "पडला, भाऊ. मी बघितला." ही गोष्ट गावात पोचेपर्यंत मास्तरांनी अब्बांचे पाय धरले होते असं झालं. आठवड्यात परवानगी आली.

मी पुण्याला आले. होस्टेल, कॉलेज, लायब्ररीचं कार्ड, सगळं मिळालं. पण रोज सकाळी वर्गात बसताना वाटायचं, की ही जागा माझी नाही, एका बोटभर बाटलीची आहे. अब्बा दर रविवारी फोनवर विचारायचे, "मास्तराला फोन केलास का? त्याला इसरू नको हां. तो तुझ्यासाठी रडलाय." मी "हो" म्हणायची. दर रविवारी ते 'हो' जड होत गेलं.

पहिलं वर्ष संपवून सुट्टीला सलालाहला गेले. डोंगरावर धुकं उतरलं होतं आणि सरांच्या घराखाली शहाळी प्यायला गर्दी होती. मी वर गेले आणि सरांना सगळं सांगून टाकलं. अब्बांचा गैरसमज, बडे अब्बा, गाव, माझं गप्प राहणं. सांगता सांगता मलाच रडू आलं. सरांनी माझ्यापुढे टिश्यूचा डबा सरकवला आणि ग्रंथी बऱ्या चालल्यात अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे निरीक्षण चुकीचं नोंदवलं गेलं," ते म्हणाले. "ते दुरुस्त व्हायला हवं. मी तुझ्या वडिलांना लिहितो."

"सर, नको! त्यांना कळलं तर बडे अब्बांना कळेल. माझी अजून दोन वर्षं आहेत."

"मग तू मला येऊन कशाला सांगितलंस?"

मी डब्यातून आणखी एक टिश्यू ओढला. सरांनी पॅड ओढलं आणि तासभर लिहिलं. मधे दोनदा ते पाणी प्यायले, एकदा थेंब घातले. पत्र चार घड्या करून माझ्या हातात दिलं. "तुझ्या वडिलांना मराठी वाचता येतं?"

"नाही सर. उर्दू येतं. थोडं इंग्रजी."

"मग तूच वाचून दाखव."

पाकीट नव्हतं, डिंक नव्हता. ते पत्र चार दिवस माझ्या बॅगेत होतं. मी ते उघडून वाचायचं धाडसही केलं नाही. अब्बांना ते दिसलं नव्हतं, दिसलं तरी वाचता आलं नसतं. मी ते फाडलं असतं, किंवा त्यातून काहीही वाचून दाखवलं असतं, तर जगात कोणाला कळलं नसतं. पाचव्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजानंतर, जेवण झाल्यावर अब्बा म्हणाले, "मास्तर बरा हाय काय? सलाम सांगितलास माझा?"

मी बॅग उघडली.

"सप्रेम नमस्कार," मी वाचू लागले.  "आपण माझ्या दारात आलात तेव्हा माझ्या डोळ्यांतून जे वाहत होते ते अश्रू नव्हते. ते औषधाच्या दुकानात मिळणारे थेंब होते. माझ्या अश्रुग्रंथी बारा वर्षांपासून जवळजवळ बंद आहेत. त्यामुळे मी रडलो असा जो आपला समज झाला, तो वस्तुस्थितीला धरून नाही."

 अम्मी भांडी उचलता उचलता थांबली.

"तसेच दुसरी गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. माझी थेंबांची वेळ सहाची असते. आपण पावणेसहाला आलात. आपण येणार आणि कशासाठी येणार, हे आपल्या मुलीने मला आधी सांगितले होते. थेंब पंधरा मिनिटे आधी घालण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नव्हते."

इथे मी थांबले. मला हे माहीत नव्हतं. दीड वर्ष मी समजत होते, की सहा वाजले होते.

"पुढं," अब्बा म्हणाले.

"आपला निर्णय चुकीच्या माहितीवर आधारलेला असल्याने आपण तो पुन्हा तपासून पाहावा. मुलगी हुशार आहे, हे मात्र तपासलेले आहे. सोबत आकृती. आपला नम्र."

बाहेर धुक्यात कोणीतरी गाडीचा हॉर्न देत होतं. अब्बांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि न येणाऱ्या अक्षरांकडे बघत राहिले.

"म्हंजे," ते हळूहळू म्हणाले, "मास्तराला रडायचा होता. पन आतला पानी संपलेला. म्हनून इकतचा घातला."

"तसं लिहिलेलं नाहीये, अब्बा."

"मंग कसा लिहिलाय? ता पंधरा मिनटांचा परत वाच."

मी परत वाचलं. "कोणतेही वैद्यकीय कारण नव्हते."

"ह्याच तर," अब्बा म्हणाले.

मी विचारलं, "बडे अब्बांना सांगणार?"

"त्येंना कशाला? त्येंना इतका सायन्स नाय समजनार." त्यांनी कागद उलटा केला. मागच्या बाजूला सरांनी पेन्सिलीने डोळा काढला होता, पापण्यांसकट, आणि त्याच्या वर एक बदामाएवढी गाठ, बाण, बारीक नळ्या. "आणि हा काय काढलाय?"

"अश्रूंची ग्रंथी. जी सरांची बंद आहे."

"माझ्यात पन हाय?"

"सगळ्यांच्यात असते."

अब्बांनी नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं?"

"नाही अब्बा. तिथून तर ते नाकात उतरतं. तयार वर होतं, बाहेरच्या अंगाला." मी त्यांचं बोट धरलं. नखाच्या कडेला ग्रीस होतं, ते कधीच निघत नाही. भुवईच्या खाली, बाहेरच्या हाडापाशी मी ते नेऊन टेकवलं. त्यांनी डोळा मिटला आणि बोट तसंच दाबून धरलं.

"हाताला काय लागत नाय."

"लागत नाही. हाडाच्या कडेमागे असते."

अब्बांनी बोट काढलं नाही. मग एखाद्या बंद मशीनपाशी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "चालू हाय ना?"

मी त्यांच्या मिटलेल्या, कडेला ओलसर झालेल्या पापणीकडे पाहिलं.

"चालू हाय," मी म्हटलं.